कव्हरच तर आहे!

गेल्या वर्षी मी एक स्क्रिप्ट लिहिली. जेमतेम चाळीस ओळींची. एका फोल्डरमध्ये सहाशेच्या आसपास जुन्या चित्रांचे स्कॅन पडले होते. त्यांचे पिवळट समास कापायचे, चित्रातला 'महत्त्वाचा' भाग शोधायचा आणि मोबाईलवर आडवा बसेल असा तुकडा काढून द्यायचा, एवढंच काम. आम्ही पियानो शिकवणारं ॲप बनवत होतो. क्लायंट अमेरिकेतला. त्यांना 'व्हिंटेज फील' हवा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गाण्यांच्या छापील स्वरलिपीवर, म्हणजे शीट म्युझिकवर, जी लिथोग्राफ कव्हरं असायची ती आज इंटरनेटवर हजारोंनी फुकट मिळतात. कॉपीराइट कधीच संपलेला. हक्क सांगायला कुणी येणार नाही.

'महत्त्वाचा भाग' शोधायला मी चेहरे ओळखणारी एक तयार लायब्ररी वापरली. चेहरा सापडला की त्याच्या आजूबाजूचं ठेव, बाकीचं टाक. तळाची पट्टी तर सरसकट उडव, कारण तिथे बारीक अक्षरांची एक ओळ असते आणि लहान स्क्रीनवर ती घाणीसारखी दिसते.

एक तुकडा सगळ्यांना फारच आवडला. चार तरुण, अंगात झकास कोट, गळ्यात टाय, केस नीट विंचरलेले, भोवती वेलबुट्टी. होम स्क्रीनवर तोच लागला. चार दिवसांनी क्लायंटच्या टेस्टिंग टीममधल्या एकानं तिकीट उघडलं. त्यात एक शब्द नव्हता, फक्त मूळ पानाची लिंक. मी ती उघडली. वर ते चार सभ्य तरुण होतेच. खाली तेच चौघं पुन्हा होते, पण जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ फुगवून रंगवलेले, कपडे फाटके, पाय वाकडेतिकडे, हातात बँजो. गोऱ्या नटांनी काळ्या गुलामांची टर उडवायचा जो नाट्यप्रकार अमेरिकेत पन्नासेक वर्षं धो धो चालला, त्या 'मिन्स्ट्रेल शो'चं ते कव्हर होतं. माझ्या लायब्ररीला वरचे चार चेहरे सापडले होते. खालच्या चार आकृत्यांना तिनं चेहरा मानलंच नव्हतं.

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी काय म्हणाले ते सांगते. "कव्हरच तर आहे. गाणं थोडंच वाजवतोय आपण?"

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य माझं एकटीचं असतं तर मी गपगुमान ब्रँच डिलीट केली असती आणि विषय संपवला असता. पण ते सगळीकडे ऐकू येतं. जुन्या चित्रांची इन्स्टाग्राम पेजं चालवणारे ते म्हणतात, ही कव्हरं फ्रेम करून विकणारे म्हणतात, संगीताचे अभ्यासक वेगळ्या तोऱ्यात म्हणतात ('आम्ही आतलं बघतो'), आणि असली चित्रं नजरेआड केली की काम भागलं असं समजणारे भले लोकही तेच म्हणत असतात.

कव्हर म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी बघू. यातला तांत्रिक भाग मला मनापासून आवडतो, तेव्हा थोडं सहन करा.

लिथोग्राफी म्हणजे आपला जुना मराठी शब्द शिळाछाप. बव्हेरियातला आलोइस सेनेफेल्डर हा नाटकं लिहायचा, छपाईचा खर्च परवडत नव्हता म्हणून स्वस्त वाट शोधत होता, आणि १७९८ च्या सुमारास त्याला ती दगडात सापडली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्यावर सगळा कारभार. गुळगुळीत चुनखडीच्या फरशीवर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, गोंद आणि सौम्य आम्लानं ते पक्कं करायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई नाकारतो, तेलकट रेघ धरून ठेवते. कागद ठेवा, दाबा, चित्र तयार. सेनेफेल्डरनं अगदी सुरुवातीला जे छापलं त्यात संगीतच होतं. म्हणजे या तंत्राचा आणि गाण्याचा संबंध पाळण्यातला आहे.

अमेरिकेत मात्र एक गंमत झाली. आतली स्वरलिपी बहुतेक वेळा कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ठोकून छापायचे. प्रत्येक स्वराच्या गोळ्याचा वेगळा ठसा, हातोडीनं एकेक मारायचा. चित्राचं कव्हर दगडावरून यायचं. एकाच वस्तूत दोन तंत्रं, दोन कारखाने, दोन प्रकारचे कारागीर. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एका टीमकडे आणि फ्रंटएंड दुसरीकडे. आणि फ्रंटएंडवाल्यांना बॅकएंडवाले 'रंगरंगोटी करणारे' म्हणतात, हेही तेव्हापासूनच चालत आलेलं असावं.

दगड महाग, तेव्हा काम झालं की वाळूनं घासून चित्र पुसायचं आणि पुढचं काढायचं. मूळ फाईल डिलीट, उरला फक्त एक्सपोर्ट. टेम्प्लेटही होते: एकाच मालिकेतल्या दहा-बारा गाण्यांना एकच सजवलेलं कव्हर, त्यावर सगळ्या गाण्यांची यादी, आणि आत जे गाणं असेल त्याच्या नावाखाली रेघ. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता तो दुकानदार डोळ्यांसमोर आणा. साल १८४०-५०. रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही, प्रिव्ह्यू नाही. गाणं ऐकायचं तर कुणीतरी समोर बसून वाजवायला हवं. गाण्याची ओळख लांबूनच करून देणारी एकच गोष्ट गिऱ्हाइकापुढे टांगलेली: कव्हर. आग विझवणाऱ्या पथकासाठी मार्च असेल तर धुरात शिड्या चढणारे जवान. जहाज बुडालं असेल तर लाटा. १८५१ मध्ये काही बायकांनी घोळदार झग्यांऐवजी सैल विजार घालायला सुरुवात केली, तर लगेच 'ब्लूमर' पोलका आणि वॉल्ट्झ बाजारात आले, कव्हरवर विजारीतली बाई. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडिश गायिका जेनी लिंड अमेरिकेत आली, तिचा दौरा पी. टी. बार्नमनं लावला होता, आणि तिचा आवाज कधीच ऐकू न शकलेल्या घरांतही तिचा चेहरा पियानोवर जाऊन बसला. विकत घेतलेली गाणी घरातल्या मुली पुढे एकत्र बांधून घ्यायच्या, वर सोनेरी अक्षरात आपलं नाव. म्हणजे कव्हर फेकून देत नव्हते. ते वर्षानुवर्षं घरात राहायचं आणि लहान पोरं ते तासन् तास बघत बसायची.

याला 'सजावट' म्हणणाऱ्यांनी आपल्या आजीच्या देवघरात डोकावून यावं. लक्ष्मी कशी दिसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथे याच शिळाछापाच्या तंत्रानं छापलेल्या चित्रांनी आपल्या घराघरातल्या देवांचे चेहरे ठरवून टाकले. त्याआधी १८७८ पासून पुण्यात चित्रशाळा होतीच. पोथीतला एक श्लोक बदलला नाही, पण डोळे मिटल्यावर समोर येणारी लक्ष्मी कायमची ठरली. स्वस्त आणि रंगीत चित्र घरात शिरलं की असं होतं. आपल्याकडे त्यानं देव दाखवला. अमेरिकेतल्या बैठकीच्या खोलीत त्याच तंत्रानं 'काळा माणूस' दाखवला, आणि तोही बऱ्याचदा अशा घरांना, ज्यांचं काळ्या माणसाशी कधी दोन वाक्यं बोलणं झालेलं नव्हतं.

थॉमस राइस नावाचा गोरा नट १८३० च्या आसपास तोंडाला काळं फासून 'जिम क्रो' हे पात्र नाचून दाखवू लागला. गाणं तुफान चाललं. शीट म्युझिकच्या कव्हरवर तो उभा आहे: एक हात कमरेवर, गुडघा वाकडा, कपड्यांना भोकं. वर्णन करायला दोन ओळी पुरतात, काढायलाही फार वेळ लागला नसेल. पण ती आकृती लोकांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली की पुढच्या दहा-बारा वर्षांत मॅसॅच्युसेट्समधल्या रेल्वेत काळ्या प्रवाशांना ज्या डब्यात कोंबायचे त्याला 'जिम क्रो कार' म्हणू लागले. नोंद घ्या, हे दक्षिणेतलं गुलामांचं राज्य नाही, शिकल्यासवरल्या उत्तरेतलं आहे. त्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत कायद्यांची जी भिंत उभी राहिली (वेगळी शाळा, वेगळा नळ, वेगळा डबा) तिचं नावही तेच पडलं आणि ती १९६० च्या दशकापर्यंत टिकली. एका विनोदी गाण्यातल्या पात्राचं नाव कायद्याला पडतं, हे 'कव्हरच तर आहे' म्हणणाऱ्यांनी समजावून सांगावं. गाणं, नाच, चित्र यांतलं कुणी किती पाप केलं याची टक्केवारी मी मांडणार नाही. पण नाटक कंपनी गावातून निघून जाते, चित्र पियानोवर राहतं, एवढं मात्र म्हणेन.

आता त्या वर-खाली कव्हराकडे परत येऊ. तशी बरीच कव्हरं आहेत. त्यांचा हेतू काय? प्रकाशकाला दोन गोष्टी एकदम विकायच्या होत्या. खालचा अर्धा भाग सांगतो: पोट धरून हसाल. वरचा अर्धा भाग सांगतो: घाबरू नका, हे आपल्यातलेच सभ्य गोरे तरुण आहेत, तुमच्या मुलीच्या पियानोवर हे खुशाल ठेवा. वरचं चित्र नसतं तर खालचं चित्र इतक्या घरांत शिरलंच नसतं. म्हणजे माझ्या स्क्रिप्टनं जो 'निरुपद्रवी' भाग वाचवला, तोच या सगळ्या धंद्याचा प्रवेश पास होता. मी वाईट भाग कापून चांगला भाग ठेवला नव्हता. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रकाशकाची युक्ती मी चाळीस ओळींत पुन्हा चालवून दाखवली होती.

कव्हरवर चित्राइतकंच नावही खोटं बोलायचं. स्टीफन फॉस्टरचं 'ओल्ड फोक्स ॲट होम' १८५१ मध्ये छापलं गेलं तेव्हा मुखपृष्ठावर लेखक म्हणून मिन्स्ट्रेल कंपनीचा मालक ई. पी. ख्रिस्तीचं नाव होतं. फॉस्टरनं ते विकलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं पत्र लिहून आपलं नाव परत मागितलं, ख्रिस्तीनं नकार दिला. १८६४ मध्ये फॉस्टर न्यूयॉर्कमध्ये मेला तेव्हा त्याच्या पाकिटात ३८ सेंट होते. त्या गाण्यावर त्याचं नाव आलं ते १८७९ मध्ये, कॉपीराइटची मुदत सरल्यावर. (फॉस्टरची कीव करताना हेही विसरू नये की तोही काळ्या माणसांच्या तोंडी बनावट बोली घालूनच कमावत होता.)

इथवर सोपं होतं. वाईट लोकांनी वाईट चित्रं काढली, कोण नाही म्हणेल? मला जास्त छळतं ते एक 'चांगलं' कव्हर.

हचिन्सन कुटुंब हे न्यू हॅम्पशरचं गाणारं कुटुंब, गुलामगिरीच्या कडव्या विरोधात. त्यांचं १८४४ चं 'गेट ऑफ द ट्रॅक' हे गाणं. कव्हरवर धडधडत येणारी आगगाडी, डब्यावर 'तत्काळ मुक्ती' अशी अक्षरं. चित्र जोरदार आहे, आजही अंगावर येतं. आणि चाल? मिन्स्ट्रेलवाल्यांच्या 'ओल्ड डॅन टकर'ची. शत्रूची चाल पळवून त्याच्यावरच उलटवली असं म्हणा, किंवा सुरांना दुसरी वाटच उरली नव्हती असं म्हणा. आतलं पान त्या बाजूचं, कव्हर या बाजूचं. आता सांगा, 'आम्ही फक्त आतलं बघतो' म्हणणाऱ्या अभ्यासकाला यात काय दिसेल?

पुढच्याच वर्षी जेसी हचिन्सननं फ्रेडरिक डग्लसला अर्पण केलेलं 'द फ्युजिटिव्ह्ज साँग' आलं. डग्लस म्हणजे गुलामीतून पळून आलेला, मग अमेरिकेतल्या मोठ्या वक्त्यांपैकी एक झालेला माणूस. त्याचं आत्मचरित्रही त्याच वर्षी, १८४५ मध्ये आलं. बॉस्टनच्या ई. डब्ल्यू. बूव्हेनं केलेल्या कव्हरवर डग्लस अनवाणी पळतो आहे. मागे नदीपलीकडे घोडेस्वार आणि कुत्री, पुढे 'न्यू इंग्लंड'कडे बोट दाखवणारी पाटी. प्रेमानं काढलेलं चित्र. टिंगलीचा लवलेश नाही.

आणि साफ खोटं. डग्लस ३ सप्टेंबर १८३८ रोजी बाल्टिमोरहून आगगाडीत बसून निघाला. अंगात खलाशाचे कपडे, खिशात एका स्वतंत्र काळ्या खलाशाकडून उसने घेतलेले कागद. गाडी, नाव, आगबोट असं करत चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोचला. कुत्री नाहीत, अनवाणी पाय नाहीत. डोकं, ओळखीपाळखी आणि थंड धीर यांच्या जोरावर तो सुटला होता. हे त्यानं तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. मदत करणाऱ्यांचा जीव धोक्यात आला असता, आणि त्याच वाटेनं निघणाऱ्या पुढच्या माणसाची वाट बंद झाली असती. तपशील त्यानं जाहीर केला १८८१ मध्ये. तेव्हा चित्रकाराला माहीत नव्हतं, हे मान्य. पण माहीत नसताना हातानं काय काढलं ते बघा. मालक लोक वर्तमानपत्रात पळालेल्या गुलामाच्या जाहिराती द्यायचे, त्यांत छोटा ठसा असायचा: धावणारा काळा माणूस. मित्राच्या डोक्यातही तोच ठसा तयार होता. त्याचे कपडे जरा नीट काढले, चेहऱ्यावर तेज दिलं, आणि खाली डग्लसचं नाव घातलं.

डग्लसला हे कळत नव्हतं असं समजू नका. १८४९ मध्ये आपल्या 'नॉर्थ स्टार' पत्रात त्यानं लिहिलं की गोऱ्या चित्रकाराच्या हातून काळ्या माणसाचं निःपक्षपाती चित्र होणं जवळजवळ अशक्य आहे, कारण काळा चेहरा कसा असतो याचा आराखडा त्याच्या मनात आधीच पक्का असतो. त्यानं स्वतः उपाय काढला तो फोटोचा. आयुष्यभर तो कॅमेऱ्यापुढे बसत राहिला, नीट कपडे करून, बहुतेक वेळा न हसता. त्याचे सुमारे १६० फोटो आज माहीत आहेत. एकोणिसाव्या शतकात इतके फोटो काढून घेतलेला दुसरा अमेरिकन नाही म्हणतात. याच डग्लसला १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रेल्वेत गोऱ्यांचा डबा सोडायला नकार दिला म्हणून उचलून बाहेर काढलं होतं. चित्रातून निघालेलं नाव डब्याला कसं चिकटतं हे त्याला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

दोष दगडाचा नव्हता, हेही सांगून टाकते. फिलाडेल्फियाचा फ्रँक जॉन्सन हा काळा बँडमास्टर आणि संगीतकार. त्याची रचना १८१८ मध्येच छापली गेली होती. त्याच्या मृत्यूनंतर १८४६ मध्ये निघालेली त्याची लिथोग्राफ तसबीर बघा: ताठ बसलेला, रुबाबदार, समोरच्याचा आब राखायला लावणारा माणूस. ती अल्फ्रेड हॉफीनं दगडावर काढली, पण समोर ठेवून काढली ती रॉबर्ट डग्लस ज्युनियर या काळ्या कलाकारानं घेतलेल्या डॅगेरोटाइप फोटोवरून. तेच तंत्र, तोच काळ.

तळाच्या त्या बारीक ओळीबद्दल बोलायचं राहिलं, जी मी घाण समजून उडवली. तिथे छापखान्याचं नाव असतं. बहुतेक वेळा चित्रकाराचं नसतं, फक्त फर्मचं. बॉस्टनच्या जे. एच. बफर्डच्या छापखान्यात १८५५ च्या सुमारास एक पोरगा उमेदवारीला लागला आणि दोनेक वर्षं शीट म्युझिकची कव्हरं काढत राहिला. ओळीत नाव बफर्डचं. पोरगा विन्स्लो होमर, जो पुढे अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या चित्रकारांत गणला गेला. एकविसाव्या वर्षी तिथून सुटल्यावर त्यानं पुन्हा कुणाची नोकरी केली नाही. 'हार्पर्स वीकली'नं देऊ केली तीही नाकारली. होमर निदान सापडला. करिअर अँड आइव्हजच्या कारखान्यात टेबलाभोवती बसून, एकीनं निळा तर दुसरीनं लाल असे रंग भरणाऱ्या बायकांची नावं कुठल्या ओळीत शोधायची?

गंमत अशी की ओळ कापणारी मी पहिली नाही. त्या काळी गाणी एकत्र बांधताना बाइंडर कडा छाटायचा, आणि कधी कधी ही ओळ तिथेच जायची.

श्रेयाचा हा प्रश्न पुढे कोर्टातही गेला. नेपोलियन सरोनी हा मुळात लिथोग्राफर, शीट म्युझिकची कव्हरं छापणाऱ्या फर्मचा भागीदार. नंतर तो फोटोग्राफर झाला. त्यानं काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोच्या ८५,००० नकला एका लिथोग्राफ कंपनीनं परस्पर छापल्या. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फोटोलाही कर्ता असतो. १९०३ मध्ये सर्कशीच्या पोस्टरांच्या खटल्यात न्यायमूर्ती होम्सनी त्याच्याही पुढचं सांगितलं: चित्र जाहिरातीसाठी काढलं म्हणून त्याचं संरक्षण कमी होत नाही. म्हणजे 'कव्हरच तर आहे' या वाक्याचा निकाल कायद्यानं सव्वाशे वर्षांपूर्वीच लावलेला आहे. आमच्या मीटिंगपर्यंत तो पोचला नव्हता, इतकंच.

पण श्रेय मागणाऱ्यांना, म्हणजे मलाही, एक कडू घोट घ्यावा लागतो. होमरचं नाव त्या गोड चित्रांखाली हवं असेल, तर काजळी फासलेल्या आकृत्यांखालीही कुणाचं तरी नाव हवं. अनाम राहणं ही कारागिरावर झालेली जबरदस्ती होती तशी त्याची सोयही होती. मी त्या छापखान्यात असते तर सोमवारी गुलाबाची वेल काढली असती आणि मंगळवारी जे सांगतील ते. आजही तेच करते, म्हणून हे ठामपणे म्हणू शकते.

आमच्या टीममध्ये शेवटी उपाय सुचवला गेला तो सगळी 'वादग्रस्त' कव्हरं फोल्डरमधून काढून टाकायचा. राहतील फक्त फुलं, चंद्र, होड्या, टोपीवाल्या मुली. सूचना करणारा माणूस सज्जन आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पियानो शिकायला आलेल्या एखाद्या काळ्या मुलानं होम स्क्रीनवर ती आकृती का बघावी? बघू नयेच. माझा विरोध त्याला नाही. विरोध आहे तो त्यानंतर उरणाऱ्या फोल्डरला. त्या फोल्डरमधली अमेरिका म्हणजे नुसतं चांदणं आणि गुलाब. असं कधी नव्हतंच. गुलाब आणि काजळी एकाच दुकानात शेजारी टांगलेली असायची, एकाच दगडावर घासून आलेली असायची, एकाच मुलीच्या बाइंडिंगमध्ये पाठीला पाठ लावून असायची. नुसते गुलाब दाखवून 'ते दिवस किती सुंदर होते' म्हणणं हा सरळ सरळ खोटेपणा आहे. आणि 'भावना दुखावू नयेत' हे कारण पुढे केलं म्हणून तो खरा होत नाही.

हे काम नीट कसं करायचं हे शोधायला लांब जावं लागत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेस्टर लेव्ही या संग्राहकानं दिलेली २९,००० च्या वर गाणी आहेत. तिथे कव्हर उघडलं की मागोमाग आतली पानं येतात, प्रकाशक येतो, आणि सापडला असेल तर लिथोग्राफरही. त्यांनी पान तोडलेलं नाही. तोडतो आपण: वॉलपेपरवाले, रीलवाले, ॲपवाले.

"अमेरिकेचं मेलं, तुला काय त्याचं?" असं घरी आईनं विचारलं. (ती स्वयंपाक करता करता माझं बोलणं ऐकत होती.) मी म्हटलं, आई, कापलं ते मी. खराडीत बसून. तिनं विचारलं, मग जोड की परत. इतका साधा रिक्वायरमेंट मला आजवर कुणी दिला नाही.

आता एक आक्षेप उरतो आणि तो तगडा आहे. स्कॉट जोप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' घ्या. १८९९, सेडेलिया, मिसुरी, प्रकाशक जॉन स्टार्क, करारानुसार जोप्लिनला प्रत्येक प्रतीमागे एक सेंट. पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर नाचणाऱ्या काळ्या जोडप्यांचं चित्र होतं, आणि तेही एका तंबाखू कंपनीच्या जाहिरातीवरून उचललेलं. तरी ते संगीत अजरामर झालं. म्हणजे कव्हरनं काय बिघडवलं?

याचं उत्तर स्टार्कनंच देऊन ठेवलं आहे. पुढच्या आवृत्तीत त्यानं कव्हर बदललं. नाचणारी जोडपी गेली, आलं एक मेपलचं पान. आत एक स्वर बदलला नाही. धंद्यातल्या माणसानं, खर्च करून, चालत असलेल्या मालाचं कव्हर बदललं. 'कव्हरच तर आहे' असं त्याला वाटलं असतं तर त्यानं ते पैसे वाचवले असते. आणि ती दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून बघा. एक सांगतं, हसायला या. दुसरं सांगतं, हे वाजवायला अवघड आहे, नीट बसा.

मी स्क्रिप्ट बदलली आहे. चेहरे शोधणारा भाग काढला. तळाची ओळ आता कापली जात नाही, आणि चित्रावर बोट ठेवलं की पूर्ण पान उघडतं, आतल्या स्वरलिपीसकट. होम स्क्रीनवर सध्या निळा-जांभळा ग्रेडियंट आहे, तो कुणालाच खुपत नाही. माझी पुल रिक्वेस्ट अकरा आठवडे उघडी आहे. त्यावर रिव्ह्यूअरची एकच कमेंट आहे: 'नाइस टू हॅव.'